बाराची दोरी

इंदू, शंभर मैलांच्या गप्पा मारत होतीस आणि नेलं कोणी, तर डासाने. डोंगरात बिबट्या होता, घोणस होती, पाय घसरला तर खाली दरी होती. त्यातल्या कशाने तुझं वाकडं झालं नाही. घरात पंख्याखाली बसून भेंडी चिरत होतीस, तिथे चावला. एवढा सह्याद्री पडलेला असताना तुला मारायचं काम शेवटी कोथरूडने केलं, तेही खालच्या मजल्यावरच्यांच्या कुंडीतल्या पाण्याने. ते दोघं येऊन दुःख करून गेले. कुंडी अजून तिथेच आहे.

तुझी पळणारी मंडळीही आली होती. दाराबाहेर बुटांचा असा ढीग पडला की जिन्यातून जाणाऱ्याला वाटलं असेल सेल लागलाय. सगळे एका रंगाच्या टी-शर्टात, पाठीवर तुझा फोटो छापलेला. पाणी द्यायला ज्याच्या मागे जावं त्याच्या पाठीवरून तू माझ्याकडे बघतेस. असले चाळे मयताच्या घरी कोणी करतं का? एकाला मांडी घालता येईना. गुडघा गेलाय म्हणाला. डोंगर चढतो, डोंगर उतरतो आणि जमिनीवर बसायची बोंब. त्याला आपली प्लास्टिकची खुर्ची दिली. त्या खुर्चीत बसून तो मला म्हणाला, की काका, काकू आता स्वर्गातल्या वाटांवर पळत असतील. मी म्हणालो, स्वर्गातही पळावं लागत असेल तर नरकात काय करतात?

कोणी हसलं नाही. तू हसली असतीस. नंतर मला आत बोलावून झापलं असतंस, पण आधी पदर तोंडाला लावून हसली असतीस.

त्यांचा म्होरक्या निखिल. तो हिंजवडीला कॉम्प्युटरवर बसतो आणि बसून बसून आलेला कंटाळा डोंगरात जाऊन काढतो. दरवर्षी हे लोक एक पुस्तिका छापतात, कोण किती पळालं, कोणाची किती नखं गेली याची. तिच्यात तुझ्यावर चार शब्द लिहून द्या म्हणाला. सातवी शिकलेल्या माणसाकडून लेख मागतात. शिकलेल्यांना पळण्यातून सवड नसेल. मी म्हटलं, लिहितो, पण तुमच्यासाठी नाही, तिला लिहितो. वाचायचं तर वाचा, आणि एक अक्षर बदललंत तर घरी येऊन बोलेन.

लेखाचं एक ठीक होतं. जाताना त्याने पिशवीतून एक डबी काढली. आत पितळेचं पदक, म्हशीच्या गळ्यातल्या घंटेला शोभेल एवढं. त्यावर डोंगर कोरलेला आणि डोंगराखाली तुझं नाव. शंभर मैल पूर्ण केल्याबद्दल. रविवारी टेकडीच्या पायथ्याशी तुझ्या आठवणीत सगळे पळणार, आणि मग स्टेजवर मी हे पदक घ्यायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, असा बेत.

मी म्हणालो, तिने शर्यत पूर्ण केली नव्हती.

तो म्हणाला, "काका, मनाने केलीच होती ना त्यांनी."

मनाने! मनाने मी रोज काशीला जाऊन येतो. त्याला बाहेरचा रस्ता दाखवणार होतो, पण आपल्या वैशालीने डबी त्याच्या हातातून घेतली आणि टीव्हीवर तुझ्या फोटोशेजारी ठेवली. तू गेल्यापासून ती विश्रांतवाडीहून इथेच येऊन राहिली आहे. सासरच्यांनी नातवाला शाळेसाठी तिकडेच ठेवलंय. नाक तुझं, जीभ माझी, असं पोरीचं झालंय, आणि याहून वाईट वाटणी देवाला करता आली नसती. निखिल गेल्यावर ती म्हणाली, रविवारी तुम्ही येणार आहात. मी म्हणालो, जे मिळवलं नाही ते घ्यायचं नाही. तर ती मला म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला तेव्हाही अडवलंत, आणि आता ती मेली तरी अडवताय."

एवढं बोलून ती कुकर लावायला गेली. मी तुझ्या फोटोकडे बघत बसलो. तू नेहमीसारखीच. एक अक्षर नाही.

आता हे सगळं सुरू कुठून झालं ते या पुस्तिकावाल्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं तू जन्मतःच डोंगर चढत आलीस. तुझी साखर वाढली म्हणून झालं. सकाळपासून चार घरी उभी राहून पोळ्या लाटायचीस, आणि डॉक्टर म्हणतो, बाई, तुम्हाला व्यायाम नाही. त्याच्या घरी कोण लाटतं ते विचारायला पाहिजे होतं. तू मुकाट्याने म्हातोबाच्या टेकडीवर जायला लागलीस. ही मंडळी तुला ओलांडून पळत वर जायची, पळत खाली यायची, परत वर जायची, आणि तू आपली एकच चाल. तुला वेग नव्हता. कधीच नव्हता. आपल्या लग्नात सप्तपदीला भटजी थांबून राहिला होता. पण एकदा चालायला लागलीस की तुला थांबवता येत नसे, हे माझ्या आधी त्या निखिलच्या लक्षात आलं, याचा मला राग आहे.

मग लहान शर्यती झाल्या, मग त्याहून मोठ्या, आणि प्रत्येकीत तू शेवटची. मंडप सोडवत असायचे, कमान खाली उतरवत असायचे, तेव्हा तू यायचीस आणि विचारायचीस, संपलं का? तुला शेवटची येण्याची लाज वाटत नव्हती. मला वाटायची. तू म्हणायचीस, "अहो, कोणीतरी शेवटी यायलाच हवं, नाहीतर त्यांना कळणार कसं संपलं ते."

मग शंभर मैल. हे मैल तुम्ही पळणाऱ्यांनी कुठून आणलेत? मी लहान होतो तेव्हा रस्त्याला मैलाचे दगड होते. सरकारने ते काढून किलोमीटरचे लावले, आम्ही मुकाट्याने नवा हिशोब शिकलो. इंग्रज गेला, मैल गेला. आता तुम्ही तो डोंगरात शोधायला जाता आणि शंभर सापडेपर्यंत परत येत नाही. दोन दिवस, मधली रात्र, वर पुन्हा अर्धी रात्र, दगडातून, करवंदीच्या जाळीतून, पायाची सालटी काढत. एवढं करून पोचता कुठे, तर जिथून निघालात तिथेच. बैलालाही घाण्याला जुंपलं तर तेल तरी निघतं.

आणि खाणं. पाकिटातून शेंबडासारखं काहीतरी गोड हे लोक चोखायचे. तू एकदा चाखलंस आणि मला म्हणालीस, हे लहान बाळाला झाल्यासारखं लागतं. तुझी आपली बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि मी थर्मासमध्ये आणलेला चहा. त्यासाठी मी प्रत्येक शर्यतीला यायचो. पळणाऱ्याचं खाणंपिणं बघणारा म्हणून मला ते लोक क्रू म्हणायचे. जन्मभर गेटमन होतो, म्हातारपणी क्रू झालो. माणसं काठ्या घेऊन, कपाळाला दिवा बांधून, तोंडाने फेस काढत यायची आणि मी वाटेवरच्या एखाद्या शाळेच्या ओट्यावर बसून बघायचो. यांच्या आईबापांनी यांना कशासाठी शिकवलं असेल, हाच विचार मनात यायचा. तू दिसलीस की मात्र उठायचो. कारण चहा ओतायचा असायचा. दुसरं काही नाही.

गेटचं सांगायला हवं, नाहीतर दोरीचं कोणाला कळणार नाही.

रेल्वेच्या फाटकावर माझी नोकरी गेली. तेव्हा तिथे गाव संपायचं. एका बाजूला आपली खोली, दुसऱ्या बाजूला बाजार, मधून रूळ. स्टेशनमास्तरला फोनवर सांगितलं की गेट बंद केलं, की संपलं. मग गाडी गेल्याशिवाय ते उघडत नाही, समोर बाप उभा असला तरी. माणसं शिव्या द्यायची, हॉर्न वाजवायची, हात जोडायची. मोटारीतून उतरून ओळखी सांगायची. मी कॅबिनमध्ये पाठ करून बसायचो. आणि पायी चालणारे सरळ दांड्याखालून वाकून जायचे. बायका, पोरं, मास्तर, भटजी, सगळे. त्यांना मी कितीदा ओरडलो असेन. पुणेकर दांड्याखालून वाकतो तेव्हा उपकार केल्यासारखा वाकतो.

लग्नाच्या पहिल्या वर्षात एकदा तू बाजारातून येत होतीस. हातात मेथी आणि रॉकेलचा डबा. गेट पडलं होतं, मालगाडी यायची होती. तुझ्या दोन्ही बाजूंनी माणसं वाकून जात होती. घर समोर दिसत होतं, दहा पावलांवर. मी कॅबिनमधून बघत होतो, ही आता वाकणार, नवऱ्याचंच गेट आहे. तू डबा खाली ठेवलास आणि उभी राहिलीस. मालगाडी गेली, मी गेट उचललं, तू डबा उचललास. घरात आल्यावर एवढंच म्हणालीस, आज फारच लांब गाडी होती. काय बोलायचं असतं अशा वेळी? मेथी चांगली झाली होती.

एवढ्या वर्षांत तू एकदाही वाकून आली नाहीस. उन्हात नाही, पावसात नाही, पोटुशी होतीस तेव्हा नाही.

आता दोरी. एका वर्षी एका गावातल्या शाळेपाशी त्यांनी जो माणूस बसवला होता, त्याने वेळ संपल्यावरही पोरांना पुढे सोडलं. बिचारा मऊ स्वभावाचा. त्या शाळेपाशी सत्तर मैल होतात आणि पुढे उभा कडा उतरायचा असतो, आणि तो उजेडातच उतरायला हवा. दुपारी बारापर्यंत शाळेपाशी पोचलं नाही तर माणूस कड्यावर असताना अंधार पडणार, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. दोघं अडकले. गावकऱ्यांनी दोर लावून काढले. त्यानंतर निखिल माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, तुम्ही गेटमन होतात ना? बाराला दोरी लावायला बसाल का?"

मी म्हणालो, बसेन. पण मग मधे बोलायचं नाही.

वाटेच्या एका अंगाला जांभूळ, दुसऱ्या अंगाला शाळेच्या कुंपणाचा खांब. पिवळी नायलॉनची दोरी. बारा वाजले की शिटी वाजवायची, दोरी लावायची. मागून येणाऱ्याच्या छातीवरचा नंबर काढून घ्यायचा आणि त्याला गाडीत बसवायचं. आवडलं मला काम, खोटं कशाला सांगू. निवृत्त झाल्यापासून कोणी माझ्यासमोर थांबलं नव्हतं.

पहिल्या वर्षी मी चांगले धट्टेकट्टे अडवले. एक रडला. एक म्हणाला, सहा महिने तयारी केली होती. मी म्हणालो, मग आणखी चार मिनिटांची करायची.

दुसऱ्या वर्षी तू शंभर मैलांना उभी राहिलीस.

मी तुला आधीच सांगितलं होतं, दोरीवर मी आहे. तू म्हणालीस, माहीत आहे. निघताना माझा जुना फुल शर्ट घातलास, उन्हासाठी. केस घट्ट बांधलेस. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी ओट्यावर बसून वाटेकडे बघत होतो. पुढचे गेले, मधले गेले. अकराच्या पुढे सगळे लंगडे, पांगळे, ओकणारे यायला लागले. त्यातही तू नाहीस. थर्मास भरलेला होता. बारा वाजत आले तेव्हा निखिल माझ्याशेजारी येऊन उभा राहिला, कारण त्यालाही दिसत होतं काय होणार आहे.

बारा वाजले. मी शिटी वाजवली. दोरी लावली. दोघांना अडवलं.

आणि मग भाताच्या खाचराच्या वळणावर माझा शर्ट दिसला.

तू पळत नव्हतीस. तीच चाल. तुझ्या मागे काही अंतरावर शबाना होती. शबानाचं काम सगळ्यांच्या शेवटी चालायचं आणि झाडांना वाट दाखवायला बांधलेल्या फिती सोडवत यायचं. म्हणजे तुझ्यामागे कोणी नव्हतं. ओट्यावरची सगळी माणसं उभी राहिली. आधी अडवलेले दोघे बसले होते, तेही ओरडायला लागले की काकूंना जाऊ द्या. निखिल माझ्या कानाशी आला.

"काका, सोडा ना. काकू आहेत. कोण बघतंय?"

"मी बघतोय," मी म्हणालो.

तू दोरीपाशी आलीस. दोरी तुझ्या पोटाला लागली, तेव्हा थांबलीस. माझ्याकडे बघितलंस, मग दोरीकडे. ती दोरी कमरेएवढी होती, गेटच्या दांड्याहून खाली. वाकली असतीस तर माझ्याच्याने तुला धरवलं असतं का, ते मला आजही सांगता येत नाही. तू छातीवरचा नंबर काढलास. पिना एकेक करून काढल्यास, सावकाश, कपाटातली साडी काढावी तशा, आणि नंबर माझ्या हातात दिलास. म्हणालीस, "चहा आहे का हो?"

होता. तुझ्यासाठीच होता.

परत येताना तू जीपमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलीस. मला वाटलं, उठली की भांडेल. घरी आल्यावर भांडेल. मिठाच्या पाण्यात पाय घालून बसलीस, मी खाली बसून तुझी काळी पडलेली नखं काढली, दोन तर हातातच आली, तेव्हा तरी भांडेल. मी स्वतःहून विचारलं, एवढा उशीर कुठे झाला? तू म्हणालीस, एका झाडाखाली बसले होते, डोळा लागला. शंभर मैलांत झोपणारी तू एकटीच असशील. मी तेही बोललो. तू हसलीस. दोरीचं एक अक्षर काढलं नाहीस. त्या दिवशी नाही, नंतर कधीही नाही. मी बरोबर केलं की चूक केलं, हे तू मला सांगितलं नाहीस, आणि मी विचारलं नाही. विचारायची मला सवय नव्हती, आणि मी बरोबर होतो. आजही आहे. पण माणसाला वाटतं, कोणीतरी म्हणावं.

तू बोलली नाहीस, पण वैशाली बोलली. त्या दिवसापासून ती माझ्याशी तुटक. तिच्या नवऱ्याने ऑफिसात पेढे वाटायची तयारी केली होती म्हणे. सासू शंभर मैल पळणार म्हणून. जावयाला पेढ्यांची हौस असेल तर त्याने स्वतः पळावं.

तापाच्या आधी आपलं शेवटचं भांडण झालं ते यावरूनच. या वर्षीही नाव घालते म्हणालीस. मी म्हणालो, वय बघ, साखर बघ, पाय बघ. तू म्हणालीस, सगळं बघितलं. मग मी म्हणालो, "या वर्षी गेलीस तर मी येणार नाही. दोरीला दुसरा कोणी बसव."

तू "बरं" म्हणालीस आणि भेंडी घेऊन बसलीस.

तुला वाटलं असेल, म्हातारा कंटाळला. मला तुला परत अडवायचं नव्हतं, एवढंच होतं ते. हे तेव्हा बोललो असतो तर जीभ झिजली नसती. पण मी आयुष्यभर जे बोललो ते सगळं तोंडाने वेगळं आणि पोटाने वेगळं, आणि तू ते पोटाचं ऐकायचीस, म्हणून मला बोलायला शिकावं लागलं नाही. त्या वेळी ऐकलंस का? सांगितलं नाहीस. ताप भरला, आणि मग हॉस्पिटलात सगळ्या गोष्टी नळ्यांच्याच होत्या.

तर आता शुक्रवारचं. रविवारच्या कार्यक्रमाला दोन दिवस होते, घरात मी आणि वैशाली एकमेकांशी भांड्यांच्या आवाजातून बोलत होतो. दुपारी शबाना आली. तिच्या वडिलांचं बुधवार पेठेत इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे, तिथून गाडीवर थेट आली. तुझा फोटो छापलेला टी-शर्ट नव्हता, साधा पंजाबी ड्रेस. मांडी घालून बसली. या पोरीला मांडी घालता येते. तू असतीस तर म्हणाली असतीस, बघा, सगळे सारखे नसतात. बरं, नसतात.

तिने टीव्हीवरची डबी बघितली आणि म्हणाली, की काका, हे रविवारी तुम्ही घेणार आहात का? वैशाली आतून म्हणाली, घेणार आहेत. मी म्हणालो, नाही. शबाना माझ्याकडे वळली. मग तिने मला विचारलं, त्या दिवशी काकूंना उशीर का झाला ते त्यांनी सांगितलं का? मी म्हणालो, झोपली होती. ती म्हणाली, हो, झोपल्या होत्या. मीच उठवलं.

पुढचं मी तुला सांगतो, कारण तू मला सांगितलं नाहीस.

शबाना फिती सोडवत येत होती, तेव्हा तू आंब्याच्या बुंध्याला टेकून तोंड उघडं टाकून झोपलेली. तिने हलवून जागं केलं, घड्याळ दाखवलं. बारापर्यंत शाळा गाठणं शक्यच नव्हतं, तुझ्या चालीने तर नाहीच. त्या आंब्यापाशी कच्चा रस्ता येतो, तिथे शर्यत सोडणाऱ्यांसाठी जीप उभी असते. ड्रायव्हरने दार उघडून धरलं. शबाना तुला म्हणाली, काकू, आता बसा, पुढे जाऊन काही उपयोग नाही. वाट खडी आहे, ऊन आहे, आणि तिथे काका दोरी लावूनच बसलेले असणार.

"मग काकू हसल्या," शबाना म्हणाली. "म्हणाल्या, थांबायचंच आहे ना, तर ह्यांच्या दोरीपाशी जाऊन थांबते. जीपमध्ये बसून नाही. दुसऱ्या कोणी अडवलं तर मी भांडेन, आणि हे माझ्याकडे बघून मला सोडणार नाहीत, एवढी एकच गोष्ट या अख्ख्या डोंगरात मला पक्की माहीत आहे. चल."

स्वयंपाकघरात नळ चालू होता. तो बंद झाला.

मग शबानाने सांगितलं, की उरलेली सगळी चढण तू एकदाही बसली नाहीस. मधे एकदा फक्त विचारलंस, माझे केस नीट आहेत का.

इंदू, एवढं सगळं तू त्या पोरीला सांगितलंस आणि मला नाही. तिला ओळखून किती दिवस झाले होते? माझ्याबरोबर जन्म काढलास. जीपमध्ये खांद्यावर डोकं ठेवलंस तेव्हा सांगायचं होतं. पाय मिठाच्या पाण्यात होते तेव्हा सांगायचं होतं. तेव्हा मी खालीच बसलो होतो, तुझ्या पायांपाशी, कुठे जाणार होतो? मला तुझा राग आला, शबाना समोर बसली होती तरी आला. राग आला आणि मग मला पाणी प्यायला उठावं लागलं, आणि माठापाशी बराच वेळ लागला.

बाहेर आलो तर वैशालीच्या हातात ती डबी होती. हात ओलेच होते. तिने डबी उघडली, तुझ्या नावावरून बोट फिरवलं, बंद केली आणि शबानाला दिली. म्हणाली, "निखिलला परत दे. बाबा घेणार नाहीत. मीही नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, चहा टाकते, साखर किती घालू? मी किती घेतो ते पोरीला पाच वर्षांची असल्यापासून माहीत आहे. मी म्हणालो, नेहमीची.

संध्याकाळी निखिलचा फोन. दुखावला होता. म्हणाला, काका, आम्ही प्रेमाने केलं होतं. मी म्हणालो, माहीत आहे बाबा, म्हणून तर शिव्या दिल्या नाहीत. ते नाव घासून काढ आणि जो पुरे शंभर करेल त्याच्या गळ्यात घाल. माझी बायको पूर्ण सत्तर मैल चालली आणि अडवल्यावर थांबली. ते सत्तर कोणी घालवायचे नाहीत. तुम्ही तिला खोटे शंभर दिलेत की तिचे खरे सत्तर गेले. त्याला कळलं की नाही कोणास ठाऊक. कॉम्प्युटरवाल्यांना एकदा सांगून कळत नाही.

रविवारी मी टेकडीपाशी गेलो होतो. स्टेजवर नाही, खाली कट्ट्यावर. सगळे पळत वर गेले आणि पळत खाली आले. एवढी माणसं, एवढा घाम, आणि त्यातून एक वाटी डाळसुद्धा शिजत नाही. तुझ्या नावाने पळणाऱ्यांत एकही तुझ्या चालीने चालला नाही. शेवटी एक जाडी बाई आली, धापा टाकत, एकटीच, कमान उतरवायला लागले होते तेव्हा. मला म्हणाली, संपलं का? मी उठून उभा राहिलो. का ते मला सांगता येणार नाही.

निघताना निखिल पाया पडला. या पोरांना वाकता येतं, हेच मला नवीन होतं. मी त्याला विचारलं, या वर्षी शाळेपाशी दोरीला कोण बसणार? तो म्हणाला, अजून ठरलं नाही काका, आम्हाला वाटलं तुम्ही आता...

मी म्हणालो, मी बसतो.

तेव्हा तू गेलीस तर येणार नाही म्हणालो होतो, ते मागे घेतो. तू गेलीस, आणि मी येतोय. वैशाली गाडीतून सोडेल म्हणाली. जावयाला रजा मिळाली तर तोही येईल, पेढे न घेता. जांभळाखाली बसेन, पिवळी दोरी, शिटी, थर्मास. तुझी ही सगळी लंगडी, ओकरी, काठ्या घेतलेली खुळी फौज माझ्यासमोरून जाईल आणि मी एकेकाला मनातल्या मनात नावं ठेवीन.

तुला यायला उशीर होईल. होऊ दे. आंब्याखाली डोळा लागला तर झोप घटकाभर, जीपमध्ये मात्र बसू नकोस. बारा वाजले की मी दोरी लावणार, आणि ती तुझ्यासाठीही सोडणार नाही.

पण तिथपर्यंत ये. चहा असेल.